साळूबाईचा रजेचा अर्ज

२३ जून, सोमवार
उद्या साळूबाईची केस हायकोर्टात. आमच्या बिडकीनच्या शाळेतली शिपाईबाई. न सांगता गैरहजर राहिली म्हणून संस्थेनं सहा वर्षांपूर्वी काढलं – चौकशी न करताच! न्यायाधिकरणात ती जिंकली, तर संस्था वर अपिलात गेली. कारकून म्हणून फायली घेऊन मीच जायचं. सचिवांनी बजावलंय, तिथं तोंड उघडायचं नाही.

२४ जून
काय पाहिलं आज! एवढं मोठं कोर्ट, एवढी माणसं, आणि सगळं चिडीचूप. आमचे वकील उभे राहिले. न्यायमूर्तींनी पानं चाळली, एकच विचारलं, चौकशी केली होती का? वकील फायलीतले कागद उलटेपालटे करू लागले. मग न्यायमूर्ती म्हणाले, अपिलात ऐकण्यासारखं काही नाही, बाईंना कामावर घ्या. झालं! सहा वर्षांचं भांडण, चार मिनिटांत.

साळूबाई मागच्या बाकावर, डोक्यावर पदर. तिला काही कळलंच नव्हतं. तिच्या वकिलानं सांगितलं, जिंकलात. तर तिनं आधी पायातल्या चपला काढल्या आणि मग त्या उंच खुर्चीला हात जोडले. मी संस्थेकडची, पण मलाही रडू आलं. फायलीत तोंड घालून बसले.

२५ जून
लिहूनच टाकते. रजेचा अर्ज तिनं दिला होता – माझ्याच हातात. नवऱ्याचं ऑपरेशन होतं. सचिवांनी मागितला, मी दिला, त्यांनी माझ्यासमोर फाडला. मी मूग गिळून बसले. तारखांवर तारखा झाल्या, पण ती 'ऑफिसात दिला' एवढंच सांगत राहिली. विसरली बिचारी, सुटले, असं वाटायचं मला. थू माझ्या जिनगानीवर!

१ जुलै, मंगळवार
साळूबाई रुजू झाली. मुख्याध्यापक खुर्चीतून उठून उभे राहिले. ती मात्र सरळ झाडू शोधायला गेली. एक शब्द टोचून बोलली नाही कुणाला. कशाची बनलीय ही बाई?

२ जुलै
मधल्या सुट्टीत धीर केला. पाण्याची टाकी धूत होती. म्हटलं, साळूबाई, तो अर्ज माझ्यामुळं गेला.

"म्हाईत हाय की, ताई."

मग कोर्टात माझं नाव का नाही घेतलं?

"तुमी तवा पोटुशी व्हत्या. माझी नोकरी गेली ती गेली, तुमची कशाला घालवू?"

माझी श्रेया यंदा पहिलीला आहे.