रुद्राणीचा पहिला शब्द

३ नोव्हेंबर १९५३, मंगळवार

रुद्राणी आज तीन वर्षांची झाली. अजून एक शब्द नाही!

मल्लव्वानं सकाळी लेकीला ओवाळलं. मी समोर बसून ‘आप्पा म्हण, आप्पा’ करत राहिलो, जबडा दुखेपर्यंत. पोरगी माझ्या तोंडाकडं टक लावून बघते. ओठ मिटते, उघडते. आवाज नाही. मग हसते.

दुपारी वडगावचा जोतीराम बैलगाडीत घालून विहिरीवरचं इंजिन घेऊन आला. फाटकातच चालू करायला लावलं आणि नुसत्या आवाजावरनं सांगितलं, बेरिंग गेलंय. तो म्हणतो, “मिस्त्री, अजून खोललंबी न्हाय की!” खोललं. बेरिंगच! मुरगुडातनं अंगावरच्या कपड्यानिशी आलो आणि ह्या दोन कानांवर कारखाना उभा केला. आणि घरातल्या एवढ्याशा पोरीचं काय बिघडलंय ते कळेना.

४ नोव्हेंबर

आक्का वेखंड मधात उगाळून जिभेवर चाटवते. हा तिसरा महिना. माझी थोरली बहीण, नाही म्हणवत नाही.

७ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी. गल्लीत फटाक्यांचा कहर. सगळी पोरं कानात बोटं घालून पळतात, आमची एकटी मधोमध उभी, ठिणग्या बघून टाळ्या पिटते. “वाघीण हाय की, भीमाप्पा!” लोक म्हणाले. माझी छाती फुगली.

समोरचे नृसिंह मास्तर मात्र हळूच म्हणाले, “हिला ऐकू येतं ना हो?”

राग आला. म्हटलं, दाखवतोच. रुद्राणीला वर माडीवर बसवलं, मल्लव्वा तिच्यासमोर. खाली कारखान्यात येऊन मोठं इंजिन सुरू केलं. वरनं मल्लव्वा तिच्या कानडी वळणानं ओरडली, “वळली री, वळली!” पोरगी जिन्याच्या तोंडाशी हजर! तीनदा केलं, तिन्ही वेळा आली. शिवाय सहा महिन्यांची होती तेव्हा ‘बाबाबा’ करून घर डोक्यावर घ्यायची, ते काय बहिरं पोर करतं?

मास्तरांनी मानलं. मग म्हणाले, “तुमच्या घरी दोन भाषा. आई कानडी, बाप मराठी बोलणार. पोराच्या डोक्यात गोंधळ होतो. एकच ठेवा.”

पटलं. तेलात भेसळ झाली की इंजिनसुद्धा धूर मारतं.

८ नोव्हेंबर

मल्लव्वाला सांगितलं — आजपासून ह्या घरात कानडी बंद. एक शब्द नाही.

ती म्हणाली, “मला मराठीत लाड करायला कुठं येतंय री?”

म्हटलं, शीक.

२२ नोव्हेंबर, रविवार

घर सुनं झालंय. मल्लव्वाचं मराठी म्हणजे भाजीवालीपुरतं — घे, ठेव, केवढ्याला. जात्यावर गायची तेही थांबलं. सगळी दुपार लेकीला घेऊन स्वयंपाकघरात बसते. मी जिन्यावरनं कानोसा घेतो. काही नाही! दोघी मुक्या.

मी चुकलो का? मास्तर म्हणाले, सहा महिने धीर धरा.

२९ नोव्हेंबर, रविवार

हे लिहू नये. पण लिहितो.

आक्कानं एक वैदू आणला. त्यानं रुद्राणीचं तोंड उघडून बघितलं. “जीब खाली बांधलीया, मालक. तिडा सोडवला की पोपटासारखी बोलंल.” मला वाटलं, वाटलं काय, वाटून घेतलं, की एवढंच असावं. एक शीर कापायची आणि सुटलं. पाय मी धरले. मी!

रक्त माझ्या सदऱ्यावर. मल्लव्वाला आक्कानं दाराबाहेर धरून ठेवली होती. ती बाहेरनं कानडीत हाका मारत होती, नियम-बियम सगळा सोडून. नंतर रडत माझ्याजवळ आली आणि कानडीतच काहीतरी सांगू लागली. मी अंगावर गेलो — मराठीत बोल!

ती लेकीला उचलून स्वयंपाकघरात गेली.

पोर रडली ते केवढ्यानं! खणखणीत. म्हणजे छातीत हवा आहे, गळ्यात आवाज आहे, ओठ मिटतात, जीभ हलते. सगळे पार्ट शाबूत. मग चालू का होत नाही?

३० नोव्हेंबर

दिवसभर दूधसुद्धा घेतलं नाही. मला बघितलं की आईच्या मागं लपते.

१३ डिसेंबर, रविवार

जोतीराम इंजिन न्यायला आला. रुद्राणी आवारात मातीत बसून वायसरच्या चकत्या घरंगळवत होती, पाठ माझ्याकडं. मी एक वाकडा लोखंडी रूळ सरळ करायला घेतला. तिच्यापासून दोन हातांवर. घणाचा पहिलाच घाव असा बसला की जोतीरामचा बैल जू टाकून उठला. कावळे उडाले. खुद्द जोतीराम म्हणाला, “आरं तिच्या!”

रुद्राणीनं मान वळवली नाही.

पुन्हा घातला. नाही. पुन्हा. पुन्हा. जोतीरामनं माझा हात धरला. “मिस्त्री, आता बास की.”

१४ डिसेंबर

माडीची जमीन फळ्यांची. खाली इंजिन सुरू झालं की वर फळ्या थरथरतात. तळपायाला कळायचं तिच्या. आणि मी कानांचा मिस्त्री!

१९ जानेवारी १९५४, मंगळवार

पुण्याहून आलो. मल्लव्वाला ताप, म्हणून आक्का बरोबर होती. कानांच्या डॉक्टरांनी रुद्राणीला गादीवर बसवून मागनं घंटी वाजवली, पिपाणी वाजवली. शून्य. मग एक दोन टोकांचा लोखंडी काटा ठोकून थरथरता तिच्या हनुवटीला लावला. तेव्हा मात्र खुदकन हसली.

“जन्मापासूनच आहे,” म्हणाले.

मी बाबाबा सांगितलं. म्हणे, “सगळीच बाळं करतात, बहिरीसुद्धा. स्वतःचा आवाज कानावर पडला नाही की वर्षाच्या आत बंद होतं.” बंद झालं होतं खरं. मी म्हणायचो, शहाणी झाली!

आणखी म्हणाले, “पहिल्या पाच वर्षांत मेंदू भाषा जशी घेतो तशी पुढं कधी घेत नाही. तिची तीन कोरी गेली.” कोरी! हा शब्द छातीत रुतलाय. त्यातले शेवटचे महिने तर मी आईचंही तोंड बंद केलं. बहिऱ्यांची शाळा पाचव्या वर्षी घेते. तोवर ओठ दाखवून शिकवा. “आणि हातवारे अजिबात चालू देऊ नका. हाताची सवय लागली की जीभ हलत नाही.”

जिभेखालचा व्रण त्यांना दिसला. माझ्याकडं नुसतं बघितलं. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

२० जानेवारी

मल्लव्वाला कानांचं सांगितलं. ती रडली नाही.

“मला म्हाईत हाय.”

कधीपास्नं?

“जीब कापली त्या दिवशी. दारातनं एवढ्या हाका मारल्या, एकदाबी माझ्याकडं बघितलं न्हाय तिनं.”

मग सांगितलं का नाहीस मला?

“सांगितलं की. तुमी म्हणाला, मराठीत बोल.”

२१ जानेवारी

आक्काला म्हटलं, मल्लव्वाला सांग, कानडी सुरू. मला स्वतः सांगायला तोंड नाही. तरी ती लेकीपाशी गप्पच.

२४ जानेवारी, रविवार

डॉक्टरांचा हातवाऱ्यांचा हुकूम चार दिवस घशात अडकलेला. आज सांगून टाकायचा म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो.

रुद्राणी आईसमोर मांडी घालून बसलेली. दोन्ही हात चाललेले. मूठ पुढं-मागं, वर धूर — आगगाडी. डोळ्यांवर बोटांची वर्तुळं — डॉक्टरांचा चष्मा. हनुवटीला बोट, आणि सगळं अंग हलवून हसली. मल्लव्वा पुण्याला नव्हती! तिनं हातानंच काही विचारलं. पोरीनं उत्तर दिलं. खिडकीकडं वळवलेलं तोंड. गालावरनं खाली ओघळणारं बोट. परतीच्या गाडीत मी असाच बसलो होतो; आक्कालासुद्धा दिसलं नव्हतं ते.

मग मी दिसलो. माझ्याकडं बोट केलं, आईला भराभर काहीतरी विचारलं. मल्लव्वाला हसू आवरेना.

काय म्हणते, मी विचारलं.

“म्हणती, आप्पाला बोलायला कवा शिकवायचं?”