मागितल्याशिवाय हंस पीत नाही

३ मार्च
लिहायला बसले, कारण भीती वाटते आणि ती घरात कुणाला सांगता येत नाही. लेकीच्या दोन्ही किडन्या गेल्या. माझी जुळते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वय झालंय, पण तब्येत ठणठणीत आहे." मी लगेच म्हटलं, "मग काढा." भोपळा निवडावा तसं! बाहेर आल्यावर जिन्याचा कठडा धरला.

लेक म्हणाली, "मला नको."

झालं!

६ मार्च
पुन्हा विषय काढला. "आई, बास." डायलिसिसहून आली की तोंड राखेसारखं होतं. तरी बास!

१० मार्च
दर रविवारी जावई जेवणाच्या टेबलावर खेळ मांडतात. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, जावई गोष्ट सांगणार, अडलं की फासा टाकायचा. चाळिशीला टेकलेली माणसं! लेक त्यात वाटाड्या आहे. वाटाड्याला विषारी बाण लागलाय. हंस होणारी तिची मैत्रीण परगावी गेली, म्हणून मला बसवलं. हंस पुराणातलाच, दूध आणि पाणी वेगळं करणारा. इथे तो रक्तातलं विष वेगळं करून पिऊन टाकतो. दर वेळी थोडी पिसं गळतात, ती पुन्हा येत नाहीत.

मी म्हटलं, "प्यालं विष. चला पुढे."

"आई, असं नाही चालत," जावई म्हणाले. "जखमीने मागितल्याशिवाय हंसाला पिता येत नाही."

"हा शहाणपणा कुणाचा?"

ते लेकीकडे बघत राहिले. हंस तिनेच रचलाय. नियमही तिचाच.

वाटाड्याने काही मागितलं नाही.

१३ मार्च
भाजी चिरता चिरता सुरी धरून तशीच उभी राहिले. कुठून कापत असतील? बरगडीखाली बोट फिरवून पाहिलं. शुद्धीवर आलेच नाही तर? उरलेली एक बिघडली तर?

शेजारीण म्हणते, "वाघीण आहात हो!" कसली वाघीण! भिजलेलं मांजर झालंय माझं.

आज क्षणभर वाटलं — तिने नकोच म्हणत राहावं. आई ना मी?

१७ मार्च
वाटाड्या मरायला टेकला. "आता शेवटची संधी," जावई म्हणाले.

लेकीने हंसाला विचारलं — मला नाही, हंसाला — "पिसं गळताना दुखतं का रे?"

उत्तर तयार होतं: काही होत नाही, भलते प्रश्न नकोत. जन्मभर हेच सांगत आले. आज जीभ वळेना.

"दुखत असणार," मी म्हटलं. "हंसाला फार भीती वाटते. पाय कापतात. तरी तो उठून जात नाहीये."

"हे आधी बोलली असतीस तर!" लेक म्हणाली. "तू हुकूम सोडलास. हुकमाने कशी घेऊ गं मी?"

मग फासा माझ्यापुढे सरकवला. "हंसा, पिशील?"

मान डोलावली. फासा उचलला.

२ एप्रिल
उद्या. भीती तेवढीच आहे. फक्त आता दोघींत वाटलीय.

५ एप्रिल
अक्षर वाकडं येतंय. हाताला सलाईन आहे.

दिलं ते असं. चष्मा, घड्याळ, बांगड्या, खालची कवळी — परिचारिकेकडे. सगळं परत मिळालं.

डावी किडनी — लेकीकडे. टेबलावरच चालू झाली म्हणे! परत घ्यायची नाही.