नावं काढून घेणारी आज्ञा

३ फेब्रुवारी १९९२

शाळेत माझ्या तिसरीतली चाळीस मुलं कविता म्हणायची आणि दोन ओळींच्या मध्ये सगळी एकदम श्वास घ्यायची. तो श्वास अजून ऐकू येतो — बाहेर कापडाचे लूम खडखडत असले तरी. मुख्तारच्या कॉम्प्युटर क्लाससाठी डॉसच्या आज्ञांची मराठी वही लिहितो, तीही तशीच, चालीत. दोन वर्षं झाली. आज्ञा आधी स्वतः चालवून पाहायची. चूक निघाली की ते पान फाडून नवं.

आज मुख्तारने वही झेरॉक्सला पाठवली. माझी नाही, जुबैदाआपांनी लिहिलेली. "गुरुजी, तुमची वही वाचायला गोड. पण दापोड्याच्या गोदामातल्या कारकुनाला आज्ञा फटकन सापडायला पाहिजे ना."

आपा उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या. क्लासात येऊन सहा महिने. सहा!

६ फेब्रुवारी

आपांच्या वहीची एक झेरॉक्स घरी आणली. चुका काढायलाच — इथे खोटं कशाला लिहू. कॉपीची आज्ञा बरोबर. फॉरमॅट बरोबर. अक्षर तर माझ्याहून सरस.

मग सापडलं. 'रिकव्हर — बिघडलेल्या फ्लॉपीवरचं परत मिळवून देते.' बस, एवढंच. खरी गोम राहूनच गेली. फाइलचं नाव न देता नुसती फ्लॉपी दिली, तर ही बया सगळ्याच फाइलींची नावं काढून घेते आणि नंबर लावून ठेवते. एक, दोन, तीन. इतकं मायाळू नाव, आणि करणी अशी. माझ्या वहीत याला अख्खं पान आहे.

उद्या सांगेन.

७ फेब्रुवारी

नाही सांगितलं. विचारलं का मला कोणी?

११ फेब्रुवारी

आपा मुख्तारला फ्लॉपी दाखवत होत्या. त्यांच्या नात्यातल्या म्हाताऱ्या बायकांची लग्नातली गाणी, रोमन अक्षरांत टाइप केलेली. बावन्न. फाइलीला नाव गाणारणीचं. "हळदीचं तय्यबाखालाचं. म्हणणाऱ्या सगळ्या गेल्या, गुरुजी. आता कोण कुणाचं, ते इथेच."

एक त्यांनी गुणगुणलं. मी इतकी वर्षं कविता शिकवली. असं एक माझ्यापाशी नाही. फार जळलो.

त्या म्हणाल्या, फ्लॉपी अधूनमधून अडते. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. मी चष्मा पुसत बसलो.

१४ फेब्रुवारी

सकाळी सांगायचं म्हणून लवकर गेलो. आपा आल्याच नाहीत. मुख्तारशी बोललो असतो तरी चाललं असतं.

१५ फेब्रुवारी

दुपारी कडी वाजली. माझ्याकडे कोण येणार? आपा. पहिल्यांदाच. हातात फ्लॉपी.

"नावं गेली हो सगळी. माझ्याच वहीत बघून केलं." आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभ्या. "गाणी आहेत, गाणारणी गेल्या. मी एकेक जसं ऐकलं त्याच ढंगात म्हणते, तुम्ही ऐका. कुठली दोन एकाच बाईची, तुमच्या कानाला कळेल. सांगाल ना, गुरुजी?"