एझेलच्या दिव्याखाली

१२ जुलै, शनिवार

मी केलं. मीच केलं. कुणाला सांगायची हिंमत नाही, म्हणून इथं लिहितोय.

काल रात्री होडी घेऊन पुलाखाली गेलो होतो. उद्या चर्चमध्ये मासे तळायचेत, आणि मी सगळ्यांसमोर छाती फुगवून सांगून बसलो होतो — "क्रॅपी मासे मी आणतो, तुम्ही फक्त तेल तापवा!" खांबाला होडी बांधली, हिरवा दिवा पाण्यात सोडला. अलाबामातला जुलै, वारा म्हणून नाही. उजेडावर किडे आले, किड्यांवर बारीक मासळी येऊन गोल गोल फिरायला लागली. आता तिच्यामागं खालून क्रॅपी येणार — आणि दिवा विझला! बॅटरी मेली.

खांबाच्या पलीकडे एझेल पेटवे होता. कापडगिरणी बंद पडेपर्यंत आम्ही दोघं एकाच खात्यात. त्यानंच हाक मारली. "रॉइस, अंधारात बसून माशांना प्रवचन देतोयस का? ये इकडं. होडीला होडी लाव. माझा दिवा दोघांना पुरतो."

गेलो. त्याचा मुलगा क्विंटन होडीच्या पुढच्या टोकाला तोंडावर टोपी ठेवून झोपला होता. तिशी उलटलेला गडी. वसंतात तुरुंगातून अटींवर सुटून बापाकडं राहायला आलाय.

मासे लागत होते, पण लहान. नऊ इंचांहून कमी असला तर सोडून द्यायचा, असा कायदा. मी सोडले नाहीत. तारेच्या वेगळ्या टोपलीत टाकत गेलो, टोपली पाण्यात बुडवलेली. पिठात घोळवून तळल्यावर कोण पट्टी लावून बघतंय!

मग इंजिनाची घरघर ऐकू आली. मासेमारीवर नजर ठेवणारा वॉर्डन. दिवे मालवूनच येतात ते. एझेल माझ्याकडं पाठ करून थर्मासमधून कॉफी ओतत होता — मलाच द्यायला. मी टोपलीची दोरी सोडली आणि त्याच्या होडीच्या कडीला बांधली.

वॉर्डन म्हणजे किप, परवापरवाचा पोरगा. मला म्हणाला, "मिस्टर रॉइस, कसे आहात? देतंय का काही पाणी तुम्हाला?" आणि बॅटरीचा झोत पलीकडं टाकून — "एझेल, ती दोरी वर ओढ."

वयानं आम्ही दोघं सारखे. मी गोरा, तो काळा. मला तुम्ही, त्याला तू. झोत आधी कुठल्या होडीवर पडणार, हे मला दोरी बांधतानाच ठाऊक होतं. हे लिहिलंच पाहिजे. हे नसतं तर नुसता भित्रेपणा म्हणून सोडून देता आलं असतं.

टोपली वर आली. एझेल बघतच राहिला. क्विंटन तेवढ्यात उठून डोळे चोळत होता. एझेलनं वळून त्याच्याकडं पाहिलं, मग वॉर्डनकडं. म्हणाला, "माझी आहे."

माझी? का म्हणाला?

मी हातातली कॉफी संपवली. त्याचीच.

१३ जुलै, रविवार

चर्चच्या मागं टेबलं मांडली होती. मोठे मासे होते माझ्याकडं थोडे, तेवढेच नेले. बाकीच्यांनीही आणले होते. मक्याच्या पिठाचा वास, कोबीची कोशिंबीर, गोड चहा. बर्ल म्हणाला, "ऐकलंत का? एझेल पेटवेनं माशांची अख्खी बालवाडी उचलून नेली म्हणे!" सगळे हसले. दुसरं कुणीतरी म्हणालं, "आता बापलेकाला एकच कोठडी द्या, सरकारचं भाडं वाचेल."

मीपण हसलो. नुसता हसलो नाही, सगळ्यात मोठ्यानं हसलो.

पाद्रीबुवांनी जेवणाआधीच्या प्रार्थनेत मासे आणणाऱ्यांचे आभार मानले. माझं नाव पहिलं.

१४ जुलै, सोमवार

नेल्डा विचारत होती, "अहो, दुसरी टोपली कुठाय?"

पाण्यात पडली म्हणालो.

"दोरीसकट?"

दोरीसकट.

बघत राहिली नुसती. बायकोशी एवढ्या वर्षांत टोपलीवरून खोटं बोलायची वेळ आली!

१७ जुलै, गुरुवार

आमिषाच्या दुकानात एझेल भेटला. मी त्याला आधी पाहिलं आणि गळांच्या कपाटामागं सरकलो. एवढा मोठा बाप्या, लपतोय! तरी त्यानं गाठलंच.

"पाठ कशी आहे तुझी, रॉइस?"

"बरी आहे. क्विंटन नाही आला?"

"गेला तो."

"कुठं?"

"विचारलं नाही." बादलीतल्या जिवंत मासळीकडं बघत होता. चेहरा उतरलेला. दाढी केलेली नव्हती — एझेल, जो गिरणीत रात्रपाळीलासुद्धा दाढी करून यायचा. "शनिवारी एकटाच जातोय. ये की. बॅटरी नसली तरी ये."

पाठ दुखतेय म्हणालो. आत्ताच बरी आहे म्हणालो होतो!

१९ जुलै, शनिवार

ओट्यावरून पूल दिसतो. पुलाखाली एकच हिरवा दिवा. आत येऊन पडदा ओढून घेतला.

२१ जुलै, सोमवार

नेल्डाला सांगितलं. ती शेंगा मोडत बसली होती. मी बोलत असताना तिचे हात चालूच होते, दोरी बांधली म्हटल्यावर थांबले.

मग म्हणाली, "मला कशाला सांगता? मी काय एझेल आहे?"

"तो माझं तोंड बघणार नाही पुन्हा."

"नको बघू दे. तुम्ही त्याचं बघा."

रात्रीचं जेवण वाढलं, पण माझ्यासमोर बसली नाही. ओट्यावर ताट घेऊन गेली.

२२ जुलै, मंगळवार

आधी किपकडं गेलो. एझेलकडं जायचं धाडस होत नव्हतं, खरं तर. वाटलं, आधी कागदोपत्री सरळ करू, म्हणजे त्याच्यासमोर रिकाम्या हातानं उभं राहावं लागणार नाही.

किपनं खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. ऐकून हसला. "मिस्टर रॉइस, कशाला नसतं अंगावर ओढून घेताय? मिटलं ते. त्यानं दंड भरला, स्वतः कबूल केलं."

"टोपली माझी होती."

"त्यानं तुमच्यासाठी केलं असतं का हे?"

मला आपल्या दिव्याखाली बोलावलं होतं त्यानं, हे तोंडापर्यंत आलं. फक्त म्हणालो, लिहून घे. शेवटी घेतलं. माझा परवाना या मोसमापुरता गेला, दंड होईल तो होईल.

बाहेर आल्यावर हलकं वाटलं. शरमेची गोष्ट ही, की खरंच हलकं वाटलं! उद्या एझेलच्या शिव्या खायच्या, हवं तर दोन थपडा खायच्या, की संपलं.

२३ जुलै, बुधवार

सांगितलं. त्याच्या अंगणात, उभ्या उभ्याच.

शिव्या दिल्या नाहीत. दोनदा विचारलं — "तू बांधलीस? क्विंटननं नाही?"

मीच, म्हणालो.

एझेल पायरीवर बसला. "त्याच्या नावावर गेलं असतं तर परत आत टाकला असता त्याला. म्हणून मी माझी म्हटलं. आणि घरी येऊन हाकलून दिलं." मग माझ्याकडं न बघता — "पोर शपथ घेत होतं, रॉइस. या इथंच, दारात उभं राहून."