दरेकस्याचा उतार

बाबूजी, मी एक गाडी घेतली आहे, आणि ती तुम्हाला मुळीच आवडली नसती अशी परवापरवापर्यंत माझी खात्री होती. लाल आहे. टर्बो पेट्रोल. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला तरी पाठ सीटला चिकटते. गोंदियात घरासमोर ती आणून उभी केली त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येकाने आधी पेढा तोंडात टाकला आणि मग एकच प्रश्न विचारला, "एव्हरेज कितना देती है?" चालते कशी, हे कुणीच विचारलं नाही. तुमचा जावईही त्यातलाच. शाळेत गणित शिकवतो आणि घरीही गणितच करतो. पोळीचा तुकडा हातात असताना एव्हरेज, बातम्या चालू असताना एव्हरेज. गाडी मी माझ्या बियाण्याच्या दुकानाच्या कमाईतून घेतली, त्याच्या पगारातून नव्हे, तरी "विकून टाकू" हा विषय घरात अधूनमधून पाहुण्यासारखा येऊन बसायचा. त्याचंही अगदीच चुकीचं नाही. मन मोकळं करून चालवली तर ही गाडी पेट्रोल पाण्यासारखं पिते. पाय आवरून चालवली तर एखाद्या साध्या गाडीइतकी गुणी होते. गाडी तीच, रस्ता तोच, फरक सगळा पायाचा, आणि माझा पाय काही गुणी नाही.

तो गुणी व्हावा म्हणून तुम्ही कमी खपला नाहीत. धान कापून झालेलं, दवनीवाड्याचा रस्ता मोकळा, आणि तुम्ही ज्याच्याकडे ड्रायव्हर होता त्या राईस मिलच्या शेठची ती खाकी जीप. मुलीला गाडी शिकवतो म्हणून गावात हसणारे हसत होते. तुम्ही आधी माझी चप्पल काढायला लावलीत. "पायाले समजलं पाह्यजे, चपलेले समजून काय उपयोग?" त्या तापलेल्या लोखंडी पॅडलवर माझा पाय भाजत होता आणि तुम्ही शेजारी बसून सांगत होता, दाबू नको, ठेव फक्त. पुढे एक बैलबंडी आली, मी करकचून ब्रेक मारला, आणि तुमचा आवाज चढला. "बंडी का आभायातून पडली? दुरून दिसत होती न तुले? मांगून एवढं डिझेल जाळत आली अन् सारं मातीत घातलं." मी रडले. तुम्ही समजूत वगैरे काढली नाहीत. "रडून राहिली त रड, पण गिअर बदल," एवढंच म्हणालात. शेठ डिझेल मोजून देत असे, आणि तुम्ही जणू ते आपल्या रक्तातून काढून दिल्यासारखं वापरत होता.

आणि दरेकस्याचा उतार. मामाच्या घरून परत निघालो की चढावाच्या माथ्यावर तुम्ही जीपची चावी फिरवून इंजिन बंद करायचात. मग नुसता टायरचा आवाज, हुडाच्या ताडपत्रीची फडफड, आणि दोन्ही बाजूंनी जंगल. माय पुढचा दांडा घट्ट धरून बसायची. मी मागून विचारायची, "बाबूजी, बंद काऊन केली?" तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "डिझेल वाचते." किती वर्षं मी हे असंच धरून चालले. आमचे बाबूजी उतारालाही फुकट सोडत नाहीत, असं मी मैत्रिणींना सांगून हसवलेलं आहे.

यंदा दिवाळीनंतर दरेकस्याला मंडईची जत्रा होती. माय चार दिवस आधीच भावाकडे जाऊन बसली होती, म्हणून तिला आणायला मी एकटीच निघाले. एकटीच, हे महत्त्वाचं. शेजारी गणिताचे मास्तर नाहीत, मागे माय नाही. आमगाव सुटलं, रस्ता सरळ झाला, आणि मी ते स्पोर्टचं बटण दाबलं. बाबूजी, ते तुम्हाला कसं सांगू? इंजिनाचा आवाज बदलतो, स्टीअरिंग हातात घट्ट होतं, आणि दुकान, उधारी मागणारे, गुडघेदुखी, सगळं मागच्या काचेत लहान होत जातं. घाटाची वळणं तर मी अशी घेतली की मामाच्या घराचा फाटा आला तरी थांबवेना. सरळ छत्तीसगडच्या हद्दीपर्यंत गेले, वळवली, खाली आले, आणि पुन्हा वर गेले. त्या दुसऱ्या चढाला पेट्रोलचा पिवळा दिवा लागला. मी त्याच्याकडे बघून हसले. परतताना सालेकस्याला भरू, म्हटलं.

दुपारी मामाकडे पंगत उठली. मामा दंडारीचा नाच बघायला मंडईत गेले. माय ओट्यावर सुपारी कातरत बसली होती. तिने अडकित्ता खाली ठेवला आणि छातीवर हात धरला. "कसंतरीच वाटून राहिलं वं," म्हणाली, आणि पाहता पाहता घामाने तिचं लुगडं पाठीला चिकटलं. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गोंदियाकडे गेलेली होती. मी मायला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. मामी पाहुण्यांनी भरलेल्या घराच्या दारात उभी राहून म्हणत होती, "मी मामाले मांगं मांगं पाठवतो, तू नीघ." मी निघाले. गावाबाहेर आल्यावर तो पिवळा दिवा माझ्या नजरेला पडला. सकाळपासून तो तसाच जळत होता, मीच विसरले होते.

मागे फिरले असते तर मंडईतल्या कुणाच्याही मोटारसायकलमधून बाटलीभर पेट्रोल काढून मिळालं असतं. हे मला तेव्हाही सुचलं. पण मायचे ओठ पांढरे पडत चालले होते आणि माझ्याने गाडी फिरवली गेली नाही. फोनला रेंज नव्हती. पेट्रोल किती किलोमीटर पुरेल हे या गाडीत आकड्यात दिसतं. तो आकडा सालेकस्याच्या दवाखान्याचं अंतर जेमतेम गाठेल असा होता, आणि तोही सकाळसारखा पाय दाबला नाही तरच. जोरात गेले तर जंगलात बंद पडणार. हळू गेले तर मायजवळ तेवढा वेळ आहे की नाही, कुणाला ठाऊक. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या, आणि चपला पायातून काढून मागे भिरकावल्या.

मग मी तशी चालवली, जशी तुम्ही चालवत होता. वरचा गिअर, इंजिनाला घरघर होऊ द्यायची नाही आणि ओरडूही द्यायचं नाही. पुढचं वळण आधी बघायचं, पाय आधी काढायचा, ब्रेकला पाय लावायची पाळीच येऊ द्यायची नाही. एवढी दांडगी गाडी, आणि मी तिला लग्नातल्या नवरीसारखी चालवत होते. अंगठ्याखाली पॅडल थरथरत होतं आणि त्या थरथरीवरून मला कळत होतं, आता जास्त झालं, आता पुरे. माय डोळे मिटून होती. मी दर थोड्या वेळाने म्हणत होते, "माय, बोल न काहीतरी." ती म्हणाली, "तू रस्ता पाह्य." मग आकडा गेला. त्याच्या जागी नुसत्या दोन रेघा आल्या. गाडीलाही आता सांगता येत नव्हतं की किती उरलं आहे.

आणि समोर तो उतार.

मला माहीत होतं, बाबूजी. गाडी घेतली तेव्हाच मेकॅनिकने नीट समजावलं होतं की या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून पाय काढला की उतारावर पेट्रोल जातच नाही, उलट इंजिन बंद केलं तर ब्रेक आणि स्टीअरिंग दगड होतात. सगळं माहीत होतं. पण माथ्यावर आले, आणि हात आपोआप गेला. न्यूट्रल केली आणि इंजिनाचं बटण दाबून धरलं. इंजिन थांबलं. एकदम शांतता झाली. खिडकीतून वारा, टायरची सळसळ, कुठेतरी कावळ्यांची भांडणं. मायने डोळे उघडले नाहीत, पण तिच्या ओठांवर काहीतरी हललं. "तुझे बाबूजी," ती म्हणाली, इतकंच.

वळणाच्या पलीकडे गुरं होती. दिवस कलायला लागलेला, अख्खा कळप रस्ता भरून घराकडे निघालेला, मध्ये एक म्हातारी म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी. पहिला ब्रेक लागला. दुसऱ्यांदा दाबला तर पॅडल लाकूड झालेलं. स्टीअरिंग दोन्ही हातांनी ओढलं तरी हलेना. मी दोन्ही अनवाणी पाय त्या पॅडलवर रोवून जवळजवळ उभी राहिले. माय पुढे झुकली, पट्ट्याने तिला धरलं, आणि ती कण्हली. ते कण्हणं ऐकून मला अक्कल आली. क्लच, बटण, दुसरा गिअर. मनात एवढंच की टाकीत थेंबभर तरी असू दे. इंजिन खडबडून जागं झालं, ब्रेक जिवंत झाला, आणि बंपर म्हशीच्या पोटापासून हातभर अंतरावर थांबला. म्हैस आमच्याकडे बघत रवंथ करत राहिली. गुराखी काठी आपटत आला आणि म्हणाला, "दिसत नाही काय वं बाई? कायले एवढी घाई करून राहिली?" गुरं बाजूला झाली तशी मी पहिला गिअर टाकला.

पुढचा रस्ता मी गिअरमध्येच उतरले. सालेकस्याच्या दवाखान्याच्या फाटकात इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. उरलेलं अंतर गाडी गडगडत गेली आणि पायरीजवळ येऊन थांबली. डॉक्टरांनी मायच्या जिभेखाली गोळी ठेवली, ईसीजीची पट्टी काढली, आणि अंधार पडायच्या आत दुसऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सने तिला गोंदियाला पाठवलं. हार्टचंच होतं. आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आता ती बरी आहे. बिनमिठाच्या वरणावरून माझ्याशी भांडते, म्हणजे बरीच आहे.

वॉर्डातून घरी न्यायच्या आदल्या दिवशी मी तिच्याजवळ बसून संत्रं सोलत होते. मी म्हटलं, "माय, बाबूजींची ती डिझेल वाचवायची खोड मला लागली अन् तुला मारलं असतं मी." ती हसली, बाबूजी. छाती धरून हसली. "कायचं डिझेल? ते उतारावर इंजिन बंद करत ते त्यायले आवडे म्हणून. तू झोपली असली न मांगं, त खाली येऊन पुन्हा वर नेत अन् पुन्हा सोडत. मी भेवाची, म्हणून मले डिझेलचं सांगत." मग तिने संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि सावकाश म्हणाली, "महिनाभर थेंब थेंब वाचवे तो माणूस, अन् इथी येऊन उडवे. शेठले काय, त्याले एव्हरेज बरोबर भेटे." माझ्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. तुमच्या त्या सरळ चेहऱ्याने, मान न वळवता तुम्ही मला फसवलंत, आणि मी तुम्हाला चिक्कू समजत राहिले. मला तुमचा राग आला, आणि लगेच इतकी आठवण आली की मी हात धुवायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिले.

गाडी विकायचा विषय आता घरात निघत नाही. मास्तरांना वाटतं, त्या दिवसाने मी सुधारले, कारण महिन्याच्या शेवटी एव्हरेज चांगलं निघतं. रोज दुकानाला जाता-येता मी चपला काढून चालवते, पाय नुसता ठेवते, दुरून बंड्या बघते. महिन्यातून एका रविवारी टाकी भरून घेते आणि मायचं औषध आणायला म्हणून निघते. औषधाचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, हे मास्तरांच्या अजून लक्षात आलेलं नाही. उतारावर इंजिन बंद करत नाही, घाबरू नका. दुसऱ्या गिअरमध्ये, काचा खाली करून येते.

हा कागद मी गाडीच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली ठेवणार आहे. कुणाला द्यायचा तर तुम्ही नाही, आणि मास्तर त्या कप्प्यात फक्त पेट्रोलच्या पावत्या शोधतात. पण एक गोष्ट मायलाही सांगितलेली नाही. तिचे ओठ पांढरे होते, टाकीत काही उरलेलं नव्हतं, आणि माथ्यावर मी इंजिन बंद केलं तेव्हा, ती गुरं दिसायच्या आधी, मला फार आवडलं.