होडीतल्या पुढच्या फळीबद्दल

चि. लायनस यास,

शनिवार, ११ मे, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर, तीन साक्षीदारांसमोर (त्यांतली एक तुझी स्वतःची बायको) तू मला होडीतल्या बर्फाच्या पेटीवर बसवलंस. पत्राची सुरुवात आशीर्वादाने करायची असते हे मला कळतं; आम्हाला नन्सनी तेवढं शिकवलं होतं. तेव्हा आशीर्वाद आहेतच. तुझा रक्तदाब बरा असेल, डार्लीनची कंबर सुधारली असेल, आणि ब्रिजेटच्या लग्नाच्या तयारीत तुम्हा दोघांची भांडणं वेळच्या वेळी होत असतील अशी आशा करते. माझी प्रकृती उत्तम आहे. माझे दोन्ही गुडघे, ऑपरेशन करून नवे बसवलेले, उत्तम आहेत. गुडघ्यांचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे.

तू विसरलास असं गृहीत धरून आपल्या घराचा नियम पुन्हा लिहिते. (कोर्टात इतकी वर्षं लोकांचं बोलणं शब्दशः उतरवून घेतलं, तेव्हा मी काही बदलून सांगते आहे असा आरोप तरी करू नकोस.) पपांचा नियम असा, की नदीवर निघालं की घरातलं सगळ्यांत थोरलं माणूस पुढच्या फळीवर बसतं, मग बाकीचे, आणि वल्ही मारणारा मागे. कारण पपांच्या मते, ज्याच्या वाट्याला कमी उन्हाळे उरले त्याच्यापुढे आधी पाणी यायला हवं. म्हणून तिथे आधी पपा बसले, मग फर्डिनंडकाका, मग आपला थोरला भाऊ अल्फॉन्स. मी कायम मधे. तेव्हा मी तक्रार केली का? केली, पण तोंडी केली. जानेवारीत अल्फॉन्स गेला, आणि आता कबरस्तान सोडलं तर या कुळात माझ्याहून थोरलं कोणी नाही. मे महिन्यातल्या फेरीची मी वाट पाहत होते. नवी टोपीही घेतली होती. आणि तू त्या फळीवर कोणाला बसवलंस? तुझ्या होणाऱ्या जावयाला! कॅन्सस सिटीत इमारतींच्या लिफ्ट तपासणाऱ्या त्या कोल्बीला, ज्याने तोवर ट्राउट मासा फक्त ताटात, लिंबाच्या फोडीसोबत पाहिला होता.

तुझे शब्द मला पाठ आहेत. "ताई, पुढे उभं राहून गळ टाकावा लागतो. तुझे दोन्ही गुडघे विकतचे." मी म्हटलं, "विकतचे आहेत म्हणून तर चालतात. तुझे घरचे आहेत, ऐक कसे कुरकुरताहेत." त्यावर तू हसलास आणि पेटीवर एक टॉवेल पसरलास. टॉवेल! जसं काही मी हवापालटासाठी आणलेलं मांजर आहे. कोल्बी बिचारा म्हणत होता, "मॅडम, तुम्ही बसा ना पुढे." पण तू त्याला खांद्याला धरून खाली बसवलंस आणि होडी ढकललीस.

मधे बसलेल्याला गळ टाकता येत नाही. मागे फेकला तर तू, पुढे फेकला तर कोल्बी. कोल्बीला मात्र असली अडचण दिसत नव्हती. पहिल्या वळणावर त्याची माशी (तीच गळाची खोटी माशी, तू हिवाळाभर भिंगाखाली पिसं गुंडाळून केलेली, मोहरीच्या दाण्याएवढी) तुझ्या टोपीत अडकली, दुसऱ्या वळणावर काठच्या सिकमोर झाडाच्या फांदीत आणि तिसऱ्या वळणावर माझ्या अंबाड्यात. तू ती सोडवताना "माशी जपून हं, माशी जपून" म्हणत होतास. अंबाड्याबद्दल काही बोलला नाहीस.

आता करायला काही नाही, बोलायची इच्छा नाही, आणि मान उंच ठेवली की गळ लागतो. म्हणून मी काठावर हात टेकून पाण्यात बघत बसले. लायनस, तू कधी नुसतं बघितलं आहेस का रे? मोठा झरा जिथे नदीला मिळतो तिथे पाण्याचा रंगच बदलतो. निळं, काचेसारखं, मे असो की जानेवारी तितकंच गार. खाली हिरव्या पाणगवताचे जुडगे हलत असतात आणि त्यांच्या मुळाशी तांदळाएवढे करडे जीव कुशीवर पोहत असतात. सरळ नाही, कुशीवर! का? लहानपणी मी पपांना विचारलं होतं की हे पाणी येतं कुठून. पपा म्हणाले, खालून. आणि खाली कुठून? आणखी खालून. एवढ्या उत्तरावर मी साठ वर्षं काढली. त्या सकाळी पेटीवर बसून पुन्हा तोच प्रश्न पडला, आणि राग थोडा वेळ विसरायला झाला. थोडाच वेळ. पेटी गार होती.

मग जेवणाची वेळ झाली. नदीकाठच्या नेहमीच्या गोट्यांच्या पट्ट्यावर होडी लावली. डार्लीनने बांधून दिलेली मक्याची भजी तू तव्यात गरम केलीस, बटाटे परतलेस, हॅमचे काप काढलेस. स्वयंपाक चांगला होता हे मी नाकारत नाही. पण नंतर तू पपांचा दुसरा नियम काढलास: सकाळभरात ज्याला मासा लागला नाही त्याने तवा घासायचा. तुला दोन लागले होते. कोल्बीला माझ्या अंबाड्याखेरीज काही लागलं नव्हतं, पण तो पाहुणा. राहिलं कोण? जिला गळाची काठी हातात धरू दिली नाही, तिला मासा लागला नाही म्हणून तिने तवा घासायचा! पहिला नियम विसरतो आणि दुसरा आठवतो, अशी स्मरणशक्ती मी फक्त वकिलांची पाहिली आहे. तू काठी घेऊन प्रवाहाच्या वरच्या अंगाला निघून गेलास. मी तवा घेऊन पट्ट्याच्या खालच्या टोकाला गेले, कारण आपल्या घरात तवा तिथेच घासतात. तेलकट पाणी मासेमारीच्या जागेत जाऊ नये म्हणून. आजवर तवा घासणारा खाली आणि काठीवाले वर.

मी तवा पाण्यात हलवला. भजीचा चुरा तरंगत निघाला. वाकलेल्या सिकमोरच्या सावलीतून काहीतरी वर आलं, तोंड उघडलं, चुरा गेला, आणि ते पुन्हा सावलीत.

मला वाटलं लाकूड असेल. पण लाकडाला जबडा नसतो. मी आणखी थोडा चुरा सोडला. पुन्हा तेच. तपकिरी ट्राउट, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, अंगावर विटकरी ठिपके. आता तूच सांग, कोणाला राहवलं असतं? मी बटाट्याचा तुकडा सोडला: नाकासमोरून जाऊ दिला. हॅमचा: तोंडात घेतला आणि थुंकला. (तो दिवस शनिवार होता, मांस वर्ज्य असलेला शुक्रवार नव्हे, त्यामुळे उपवासाचा प्रश्न नव्हता.) भजीचा: गिळला. मग मोठा तुकडा सोडला, त्यात डार्लीनचा कांदा होता. महाशयांनी तुकडा घेतला, जरा थांबले, आणि कांदा तेवढा बाहेर टाकला. तेवढ्यात मागून आवाज आला, "त्याने कांदा काढला का?" कोल्बी होता. तवा पुसायला फडकं घेऊन आला होता, कोणी न सांगता.

"काढला," मी म्हटलं.

"पुन्हा करून बघा ना."

पुन्हा केलं. आम्ही दोघं गोट्यांवर पालथे पडलो (हो, विकतच्या गुडघ्यांनी) आणि पुन्हा पुन्हा केलं. तो मुलगा एकामागून एक विचारत होता. वासाने कळतं की तोंडात गेल्यावर? पिवळा रंग बघतो की तरंगण्याची चाल? दगड टाकला तर फसेल? मी पिवळसर खडा टाकला, फसला नाही. सुकं पिवळं पान टाकलं. जवळ आला, पाहिलं, परत गेला. "म्हणजे मऊ दिसायला हवं," कोल्बी म्हणाला. "आत्या, तुम्हाला काय वाटतं?" सकाळी मॅडम होते, तव्याजवळ आत्या झाले. लायनस, तू लहान होतास तेव्हापासून मला काय वाटतं हे घरात कोणी विचारलेलं मला आठवत नाही. तू माझं मत ऐकलं आहेस, पण विचारलेलं नाहीस.

आता हे नोंदवून ठेव. नदीच्या त्या भागात खाण्याच्या आमिषाला बंदी आहे. लोकर, धागा, पीस यांची माशी चालते. कोल्बीच्या डोक्यावर ब्रिजेटने विणलेली टोपी होती, जिचा रंग तिने मधाचा म्हणून निवडला आणि तो निघाला नेमका भजीचा. त्याने स्वतःहून टोपी काढून दिली. मी एका कडेची लोकर उसवली, पाकिटातल्या सुई-दोऱ्याने तुझ्या डबीतल्या रिकाम्या गळाला बांधली आणि कातरून गोल केली. सिस्टर कुनिगुंडाने शिवणकामात मला कायम नापसंतीने पाहिलं, पण त्या दिवशी पाहती तर तिनेही मान हलवली असती. माझ्या बोटांना तव्याची चरबी होती हा तुझा मुद्दा मी ऐकला आहे. बोटं माझी आहेत. बोटं आमिषात मोडत नाहीत.

मग मी कोल्बीची काठी घेऊन उभी राहिले आणि पपांनी शिकवलं तसा गळ सोडला, सावलीच्या जरा वर, तव्याच्या चुऱ्याच्या वाटेने. त्याने घेतला. पुढचं तू पाहिलंस, कारण कोल्बीच्या आरोळीने तू पाण्यातून धावत आलास, गुडघे कुरकुरवत. मी ओढलं नाही, घाई केली नाही, कोल्बीने जाळी पाण्यात बुडवून स्थिर धरली आणि मी मासा तिच्यावर आणला. तू माशाकडे बघितलंस, गळाकडे बघितलंस आणि म्हणालास, "हे काय आहे?"

"भजी," कोल्बी म्हणाला.

एवढ्या वर्षांत त्या पट्ट्यावरून धरलेला सगळ्यांत मोठा मासा होता तो, आणि तू म्हणालास, "हा मोजायचा नाही. हा भज्यांवर पोसलाय." अरे, त्याला पोसला कोणी? आपणच ना! दर वर्षी तवा तिथे घासायचा आणि काठी घेऊन दुसरीकडे जायचं, असा आपल्या घराचा रिवाज. तू हिवाळाभर भिंगाखाली मोहरी बांधत बसतोस आणि मासा तुझ्या बायकोचा स्वयंपाक खातो.

आम्ही त्याला पाण्यात सोडलं. मी होडीकडे गेले आणि पुढच्या फळीपाशी उभी राहिले. बोलायची गरज नव्हती: घरातली थोरली मी, दिवसाचा मोठा मासा माझा. तू वल्हं उचललंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "ताई, पेटीवर बस."

बसले. दुपारभर मी मधे, तू मागे, तो पुढे. त्याला काही दिसलं की तो मागे वळून मला विचारायचा, आणि होडी डुलायची. दोनदा तू ओरडलास, "अल्फ, डावीकडे बघ, खडक!" कोल्बीने दोन्ही वेळा नुसतं "हो" म्हटलं. तुला कळलंही नाही, आणि मीही दुरुस्त केलं नाही.

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. पुढची फळी माझी आहे, घरातली थोरली म्हणून, आणि ती सप्टेंबरच्या फेरीपासून माझी राहील, असं स्वतःच्या हाताने लिहून पाठव. फोन चालणार नाही. डार्लीनमार्फत निरोप चालणार नाही. अंगठा उंचावलेलं चित्र तर मुळीच नाही.

तुझी (अजूनही) मोठी बहीण,
रोझेली

ता. क. गाडी चालवत घरी येताना मी विचार केला. त्या फळीवर घरचं कोणी बसलं असतं तर अल्फॉन्स तिथे नाही हे तुला दिवसभर दिसत राहिलं असतं. परका माणूस बसवला की पाठच वेगळी दिसते. हे तू मला आठ वाजून दहा मिनिटांनी सांगितलं असतंस तर मी टॉवेलसुद्धा मागितला नसता. पण तू सगळं माझ्या गुडघ्यांवर ढकललंस. मलाही तो दिसतो रे. मला फक्त माझ्या गुडघ्यांचं निमित्त नको.

ता. क. दुसरा. फळी माझी आहे असं तू लिहून दिलंस की मी ती कोल्बीला देणार आहे. मी, माझ्या हाताने. मला पेटीच हवी. फळीवरून आपली माशी कुठे पडली तेवढंच दिसतं. पेटीवरून पाण्यात काय चाललं आहे ते दिसतं, आणि ते कुशीवर पोहणारे जीव माझे अजून बघायचे राहिले आहेत. एक भिंग घेऊन ये, तुझं. पेटीवर जाड उशी घाल. आणि ब्रिजेटचं त्या मुलाशी काही बिनसलं, तरी सप्टेंबरला तो यायलाच हवा.

ता. क. तिसरा. उत्तर लेखी, शनिवार, १ जून, दुपारी बाराच्या आत. नाहीतर मी त्या पुढच्या फळीवर खरोखरच बसेन.