वाजत्या गाडीला कार्योत्तर मंजुरी

प्रति,
मा. अधीक्षक,
जप्त वाहन आवार
(रजेवरून रुजू होताच समक्ष सादर)

विषय : जप्त गाडी आपल्या सहीविना आवाराबाहेर नेण्यास कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत व चौकीदारास दोषमुक्त करणेबाबत.

संदर्भ : १) गोंगाटाबद्दल अर्जदारास मिळालेली नोटीस.
२) तीच गाडी आपल्या आवारात वाजल्याबद्दल अर्जदारासच मिळालेली दुसरी नोटीस.
३) चौकीदारास बजावलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

वरील तिन्ही नोटिसांचे मूळ एकच असल्याने अर्जदार एकाच अर्जात सर्व हकीकत मांडण्याची मुभा घेत आहे.

१. अर्जदाराचे चष्म्याचे दुकान आहे. त्याची पत्नी घरोघरी जाऊन बाळंतपणे करणारी परिचारिका असून सदर गाडी वस्तुतः तिच्याच कामाची आहे; अर्जदार ती फक्त चालवतो. पत्नीच्या भावाने हौसेने गाडीला चोरीचा अलार्म बसवून दिला. चोर आजतागायत फिरकला नाही, मात्र अलार्म येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला चोर समजू लागला. दूधगाडी गेली की वाजे, मांजर गेले की वाजे, आणि कोणीच गेले नाही तर बहुधा त्या शांततेला घाबरून वाजे. वरच्या मजल्यावरील गायनशिक्षकांनी तक्रार केली की त्यांचे शिष्य भोंग्याच्या पट्टीत गाऊ लागले आहेत. तक्रार रास्त होती.

२. अर्जदाराने हयगय केलेली नाही. प्रथम रिमोटचा सेल बदलला. मग मेहुण्याने छातीठोकपणे गाडीच्या बॅटरीची तार काढली. भोंगा वाजतच राहिला, कारण त्याच्या पोटात त्याची स्वतःची छोटी बॅटरी असते, हे मेहुण्यास तेव्हा कळले व तो जेवायला न थांबता घरी गेला. त्यानंतर गाड्यांची वायरिंग करणाऱ्या मिस्त्रींनी ती तार पुन्हा जोडली व धक्का ओळखणारा सेन्सर इतका मंद केला की गाडीला लाथ घातली तरी ती हूं की चूं करीना. परंतु लाथ न घालता वाजणे पूर्ववत चालू राहिले. मिस्त्री दरवाजे तपासत असतानाच आपले कर्मचारी आले व गाडी उचलून घेऊन गेले.

३. आवारात आल्यावर गाडी सुधारेल अशी कार्यालयाची अपेक्षा असावी. ती वाजत राहिली. अर्जदार मिस्त्रींना घेऊन हजर झाला असता मुख्य लिपिकांनी सांगितले की, गाडी दुरुस्त झाल्याशिवाय सोडता येत नाही, आणि अधीक्षकांच्या सहीविना जप्त गाडीस हात लावता येत नाही. आपण रजेवर होता. दुसरी नोटीस अर्जदारास त्याच वेळी हातोहात देण्यात आली.

४. सबब मिस्त्रींनी कुंपणभिंतीबाहेर स्टुलावर उभे राहून रोगनिदान केले. चौकीदार आत, मिस्त्री बाहेर. एकेक दरवाजा दाबून झाला, डिकी झाली. शेवटी चौकीदाराने दोन्ही हातांनी बॉनेट दाबले आणि भोंगा एकदम बंद झाला. हात काढला, पुन्हा सुरू. बॉनेटखाली एक खटका असतो. तो गंजून अडकल्याने बॉनेट बंद असूनही गाडीला ते उघडेच वाटत होते. आजवर प्रत्येकाने बॉनेट उघडूनच आत डोकावले, त्यामुळे त्या खटक्यावर कोणाचा संशय गेला नाही. मिस्त्रींनी स्टुलावरच कपाळावर हात मारून घेतला.

५. दुरुस्ती पाच मिनिटांची होती, पण सही नव्हती. मुख्य लिपिकांनी खिडकीतून चौकीदारास आज्ञा केली की, साहेब येईपर्यंत त्याने बॉनेटवर बसून राहावे. चौकीदार बसला. तो उठला की गाडी वाजे, म्हणून तो उठेना. चहा तेथेच, जेवण तेथेच. फाटकावर कोणी उरले नाही.

६. दुसऱ्या दिवशी नवरा दुपारी घरी येत नाही असे पाहून चौकीदाराची पत्नी डबा घेऊन स्वतः आली. तिचे दिवस भरले होते. अर्जदाराची पत्नीही त्या दिवशी सोबत होती, कारण अर्जदाराच्या विनवण्यांवरचा तिचा विश्वास उडाला होता. डबा हातात देता देता त्या बाईस कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिकेस फोन केला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. अर्जदाराच्या पत्नीने बाईच्या पोटावर हात ठेवला, एकवार आवारातील गाड्यांकडे पाहिले व अर्जदारास म्हणाली, "गाडी काढा. अर्ज नंतर लिहा."

प्रस्तुत अर्ज हा तोच होय.

७. दुसरी किल्ली अर्जदाराच्या खिशात होती. चौकीदार बॉनेटवरून उतरला, गाडी बोंबलू लागली. मुख्य लिपिक फाटकात आडवे उभे राहून सही मागू लागले. चौकीदार नोकरीला लागल्यापासून त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोललेला नाही. तो इतकेच म्हणाला, "साहेब, बाजूला व्हा," आणि त्याने फाटक उघडले.

८. रस्ताभर भोंगा वाजत होता व लोक रुग्णवाहिकाच समजून वाट देत होते. तरीही रुग्णालयाच्या अलीकडच्या चौकात, मागच्या सीटवर, कन्यारत्न झाले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. त्यांना आत पोहोचवीपर्यंत मिस्त्री मागाहून आले व त्यांनी तेथेच नवा खटका बसवला. तेव्हापासून गाडी गप्प आहे.

९. अर्जदार प्रामाणिकपणे गाडी परत घेऊन आला. मुख्य लिपिकांनी ती आत घेण्यास नकार दिला. नोंदीप्रमाणे ती बाहेर गेलेलीच नाही, मग आत कशी येणार? ती सध्या आपल्या फाटकाबाहेर उभी आहे. चौकीदारास मात्र ती बाहेर जाऊ दिल्याबद्दल नोटीस मिळाली असून नोकरीवर गदा आली आहे. तो दिवसभर रुग्णालयाच्या बाकावर बसून असतो आणि मुलगी झाल्याचे पेढे वाटू की खुलासा लिहू, असे येणाऱ्याजाणाऱ्यास विचारतो.

१०. आता अडचण अशी आहे की, जन्मनोंदणी कार्यालयाने जन्मस्थळ विचारले. "गाडीत" असे सांगितले. गाडी कोठे होती, असे त्यांनी आपल्या कार्यालयास विचारले. आपल्या कार्यालयाने लेखी कळवले की, सदर गाडी त्या वेळी आवारातच होती.

तरी महोदयांनी दोहोंपैकी एक ठरवावे. गाडी बाहेर गेली असेल, तर कृपया तीस कार्योत्तर मंजुरी द्यावी, म्हणजे चौकीदाराने मंजूर गाडीसाठीच फाटक उघडले असे होईल. गाडी बाहेर गेलीच नसेल, तर चौकीदाराने कोणताच गुन्हा केलेला नाही, आणि सदर कन्येचा जन्म आपल्या कार्यालयात, कामकाजाच्या वेळेत झाला, असे प्रमाणित करून द्यावे.

गाडी परत मिळाली नाही तरी पत्नी सायकलने कामावर जाईल, असे तिने सांगितले आहे. चौकीदारास मात्र उद्या सकाळी कामावर घ्यावे, ही विनंती.

आपल्या फाटकाबाहेर उत्तराची वाट पाहत असलेला,
आपला नम्र,
(सही)
चष्म्याच्या दुकानाचा मालक

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत : १) गंजलेला खटका, कागदाच्या पुडीत.
२) पेढे. (चौकीदाराने आधी पेढेच वाटायचे ठरवले आहे. मुख्य लिपिकांचा वाटा वेगळा बांधला आहे.)